तिचा खरा आकडा

रविवार, दुपार

चि. धाकटीस,
दादाचे आशीर्वाद.

तुझे गुडघे काय म्हणतात? मेहुण्यांचा खोकला गेला का? त्यांना म्हणावं, औषध नुसतं बाटलीत ठेवून गुण येत नाही. सासूबाईंना नव्या यंत्रानं ऐकू येतं, की अजून सोयीचं तेवढंच ऐकतात? आणि भाचीची दाढ?

मी ठणठणीत. शिलाईचं दुकान घरातच पुढच्या खोलीत आणलं, गिऱ्हाईक रोडावलं, पण तुझ्या वहिनीजवळ राहता येतं. तिच्यासाठी पुढून बंदाचे झगे शिवलेत, हात वर करायला नकोत. बाकी तिचं आहे तसंच. कर्करोग हाडांत उतरलाय, बरा होणार नाही, हे डॉक्टर तुझ्यासमोरच बोलले होते. दुखू द्यायचं नाही, एवढंच आता आपल्या हाती.

त्यासाठी इस्पितळाचा नर्स घरी येतो. पुरुष आहे, तिशीतला. आम्ही त्याला हसरा म्हणतो. आल्या आल्या विचारतो, "काकू, दहापैकी आज किती दुखतंय?" तो यायच्या आधी ही केस सावरून बसते. माझ्यासाठी कधी सावरले होते, आठवून बघतोय.

मी विचारलं की ही म्हणायची, "दोन." मीही खूश. मग एकदा पाणी घेऊन गेलो तर दाराशीच कानावर आलं, "सात रे. हलले की आठ."

परक्याला खरा भाव आणि घरच्याला थाप! धाकटे, अंगाची लाही लाही झाली बघ.

त्यातच इस्पितळातल्या बाईंचा फोन आला. आजाऱ्यांची काळजी नीट घेतली जाते का, हे त्या घरच्यांना विचारतात.

"दुखणं आटोक्यात आहे ना, काका?"

"दोनच आहे."

"मनातलं बोलायला त्यांना कुणी आहे?"

"मी आहे की!"

"आमच्या माणसाच्या आठवड्यात दोन फेऱ्या होतात. पुरतात का?"

"जास्तच होतात. एकदा आला तरी पुष्कळ."

बाई म्हणाल्या, छान चाललंय. फेरी एकच झाली.

हे तुला लिहायचं नव्हतं. पण लिहायला बसलो आणि हात तिकडेच वळला. दुखणं काय फेरीसाठी थांबतं? गुरुवारी ही चादर दातांत धरून पडली होती. किती म्हणून विचारलं, तर म्हणे, "दोन."

माझा तोल गेला. "त्याला सात आणि मला दोन? मी कोण, दारावरचा भाजीवाला?"

"ओरडू नका. एकदा सात सांगितलं तर शिलाईचं मशीन बंद करून तोंड पाडून बसलात उशाशी. दिवसच्या दिवस. मला मशीन ऐकायचं असतं हो. ते चाललं की घर चाललंय असं वाटतं."

"बरं, चालवीन. आत्ता किती?"

तिनं माझं मनगट धरलं. मग म्हणाली, "नऊ."

मी तडक बाईंना फोन लावला. म्हटलं, मी सांगितलेलं सगळं खोटं, जळून सांगितलं. "कुणावर जळलात?" मी सांगून टाकलं. हसल्या नाहीत, हे उपकार. थोड्या वेळात हसरा आला, डॉक्टरांशी बोलला, औषध वाढवलं. तिचा आवळलेला जबडा सैल होईपर्यंत मी पुढच्या खोलीत मशीन चालवत होतो. सुईत दोरा नव्हता.

फेऱ्या पुन्हा दोन झाल्यात. ती अजून केस सावरते आणि माझा अजून जळफळाट होतो. पण तो आत गेला की दार आता मीच ओढून घेतो, बाहेरून.

तू लवकर पत्र लिही. फार दिवस लावू नकोस, का ते तुला कळतं. तिच्याच नावानं लिही. वाचून मात्र मी दाखवणार, हसऱ्याला हात लावू देणार नाही.

तुझा, जळका का होईना,
दादा