जायला मी, यायला तू

सायवन,
५ जानेवारी २०१८

रूपे,

जिवलीचा जोहार. तुझ्या बापाचा फोन लागतच नाही, आणि लागला तर कुणीतरी भलताच उचलून "कोण पाहिजे?" म्हणून खेकसतो. म्हणून ही चिठ्ठी. काळीकाकी पाड्यावर आलीय, परवा परत तुमच्या वीटभट्टीवर येईल, तिच्याजवळ देते. चिखलाच्या हातानं धरू नकोस. माझं अक्षर आधीच कोंबडीच्या पायाचं.

इकडे सगळी बरी आहेत. तुझ्या आईचा, बायजीमावशीचा हात आता बरा आहे, वालाच्या शेंगा सोलते. तुमची शेळी व्यायली. एका पिल्लाचं नाव मी रूपी ठेवलंय, कारण ते कुणाचं ऐकत नाही.

सायकलची शर्यत संक्रांतीनंतरच्या रविवारी आहे. सायवनवरून उधवा, तिथं वळायचं आणि परत सायवन. पहिली येईल तिला पुण्याच्या खेळाच्या वसतिगृहात जागा. शाळेची गियरची सायकल एकच, म्हणून शाळेकडून नावही एकच. सुनिल सरांनी माझं दिलंय.

हिव मरणाचं पडतं. सकाळी सरावाला निघते तेव्हा रस्ता दिसत नाही, ताडांचे नुसते शेंडे वर तरंगत असतात. जायचा रस्ता मला झोपेत येतो, आणि हल्ली मी खरंच झोपेत जाते गं. डोळे उघडे असतात, पाय फिरत असतात, पण मी कुठं असते कुणास ठाऊक. परवा तर तू दिसलीस. धुक्यातून समोरून येत होतीस, ह्याच सायकलवर. मी पण ह्याच सायकलवर. तू हात केलास, मी हात केला, आणि एकमेकींना ओलांडून गेलो. पुढं नाल्यापाशी आल्यावर मला कळलं की असं कसं होईल, सायकल तर एकच आहे! एकटीच हसले. मग रडू आलं.

थकलेय मी, रूपे. पाय दुसऱ्या कुणाचे तरी वाटतात. आई म्हणते नजर लागली, सर म्हणतात दूध पी. नजर काढली, दूध प्यायले, काही फरक नाही. सर घड्याळ बघतात आणि विचारतात, "जाताना वाऱ्यासारखी जातेस, मग यायला एवढा उशीर का?" मी म्हणते, वारा समोरून असतो. वाऱ्याला कोण विचारायला जातंय!

तुला खरं सांगते. दिवाळीपर्यंत कसं करायचो आपण? जायला मी, यायला तू. मी उधव्याच्या फाट्यावर पोचायची, तू उमेशदादाच्या जीपमधून उतरायचीस, सायकल घ्यायचीस, आणि मी तुझ्या जागेवर बसून जीपनं घरी. लोक म्हणायचे, एका नवऱ्याच्या दोन बायका. आता तू नाहीस, तरी फाटा आला की माझा पाय आपोआप खाली टेकतो. मी सायकल धरून जीपची वाट बघत उभी राहते. जीप येते. माणसं उतरतात, पाट्या उतरतात, कोंबड्या उतरतात. हल्ली उमेशदादा लांबूनच मान हलवतो. मग मी निघते. पण तोवर ऊन चढलेलं असतं, अंग गार पडलेलं असतं, आणि तो रस्ता काही माझा नसतो. तो चढ, तो वारा, सगळं तुझं. मला कुठं खड्डा आहे ते पण माहीत नाही.

आता जे लिहायचं नव्हतं, ते लिहिते. परवा शेंगा सोलता सोलता बायजीमावशी बोलून गेली. मावशीचा हात दुखावला म्हणून तुझा बाप सुक्याला भट्टीवर नेणार होता. सुक्या कपडे बांधून बसला होता. तूच म्हणालीस, भावाला राहू दे, मी जाते.

मला वाटत होतं, तुला नेलं. तू गेलीस, रूपे. नाव एकीचंच जाणार, म्हणून माझ्यासाठी सायकल सोडून गेलीस. मला विचारलंस? शेंगा तिथंच टाकून उठले मी. एवढा राग आला तुझा, की तू समोर असतीस तर झिंज्या धरल्या असत्या. आणि माया पण आली. दोन्ही एकदमच.

मला जिंकायचंय. खोटं कशाला बोलू? पुणं बघायचंय मला. पण तू सोडलेलं खाऊन नाही. संक्रांतीला ये. एकदा दोघींनी पूर्ण रस्ता करायचा, आधी एकीनं, मग दुसरीनं, सर घड्याळ लावतील. जी लवकर येईल तिचं नाव. सर म्हणाले, नाव बदलता येतं. मी हरले तर तोंड वाकडं करीन, पण सायकल तुलाच पुसून देईन.

आणि संक्रांतीला भट्टीवरून सोडलं नाही, तर निदान शर्यतीच्या रविवारी तरी ये. एक दिवस. वळायच्या जागी ड्रम ठेवणार आहेत, नेमका आपल्या फाट्यावर. माझा पाय तिथं टेकणारच, मला ठाऊक आहे. तू तिथं उभी राहा. शिव्या दे, दगड मार, "थांबलीस का गं मेल्ये" म्हणून ओरड. म्हणजे मी वळेन.

नाहीतर सगळ्या पोरी पुढं निघून जातील, आणि मी सायकल धरून जीपची वाट बघत बसेन.

जायच्या रस्त्यावरची,
तुझी
जिवली