खरवडू नका

३ नोव्हेंबर
आले बाई एकदाची! क्वार्टर चांगलं हवेशीर आहे, स्वयंपाकघराच्या खिडकीतून कारखान्याचा धक्का दिसतो. समुद्राचं पाणी गोडं करायचा कारखाना. पाणी आत घेणाऱ्या जाळ्या स्वच्छ ठेवायच्या, एवढंच माझं काम. ह्यांची बदली होईपर्यंत मी आणि सासूबाई दोघीच. न्हाणीघरात दोन नळ आहेत, एक गोड्या पाण्याचा आणि एक थेट समुद्राचा, फरशा धुवायला. त्या खाऱ्या नळावर सासूबाई भलत्याच खूश. त्यांचे पाय सुजतात, रोज कोमट मिठाच्या पाण्यात बुडवून बसतात. म्हणाल्या, चला, मीठ आणायची कटकट गेली.

९ नोव्हेंबर
जाळ्या वर काढल्या. प्रत्येकीवर नारिंगी कातडं! मऊ, बुळबुळीत, अंगभर बारीक भोकं. बोट लावलं की भोकं मिटतात. हा जीव इथला नाही, जहाजांच्या तळाला चिकटून लांबच्या समुद्रातून आलाय, आणि इथे त्याला खाणारं कुणी नाही. पाणबुडे त्याला 'पाहुणा' म्हणतात. पत्र्याने खरवडतात आणि चुरा धक्क्यावरून पाण्यात लोटतात. मी कपाळावर हात मारला. अहो, तुकड्यातुकड्यातून नवा उगवतो तो! गोणीत भरा, उन्हात वाळवा. थोरला पाणबुड्या हसला. म्हणाला, मॅडम, आम्ही आलो तेव्हापासून खरवडतोय.

२० नोव्हेंबर
कारखान्याच्या साहेबांना पुन्हा सांगितलं, चुरा पाण्यात लोटू देऊ नका. ते म्हणाले, समुद्राचं समुद्रात गेलं, बिघडलं कुठे? आणि जाळ्या रोज का चोंदतात, ते विचारलं की फोन उचलतात. डोकं फिरायची वेळ आली आहे. घरी खाऱ्या नळातून आज नारिंगी कण पडले. सासूबाईंना म्हटलं, त्या पाण्यात पाय घालू नका. त्यांनी लेकाला फोन लावला. हे मला म्हणतात, आईला पाय शेकू दे ना, तुझं काय जातं!

२७ नोव्हेंबर
सासूबाईंच्या टाचेवर नारिंगी पापुद्रा. त्या म्हणाल्या, भेगांचं सालपट आहे, वज्रीने घासलं की जाईल. घासलं, गेलंही. वज्री त्यांनी त्याच बादलीत धुतली आणि त्याच बादलीत परत पाय घातले. मी ओरडले.

१ डिसेंबर
दोन्ही पोटऱ्यांवर आलंय. डॉक्टरांकडे नेलं. मी सांगत होते, हात लावू नका, आणि त्यांनी माझ्यादेखत नमुन्यासाठी खरवडलं! मलम दिलं. इथे कुणाला कान आहेत की नाहीत?
खाऱ्या नळाला चिंधी बांधली. सासूबाईंनी सोडली.

४ डिसेंबर
थोरला पाणबुड्या कामावर नाही. घरी गेले तर बायको दार उघडेना. आतूनच म्हणाली, अंग घासत बसलेत, थांबतच नाहीत.
साहेब रजेवर.

६ डिसेंबर
सासूबाईंच्या कमरेपर्यंत. वज्री लपवली तर नखांनी — मी त्यांचे हात धरून रडले. आई, पाया पडते, खरवडू नका. त्या केविलवाण्या हसल्या. म्हणाल्या, अगं, घासलं की इतकं बरं वाटतं!
ह्यांना या म्हटलं. सुट्टी बघतो म्हणाले.

७ डिसेंबर
कामावरून आले तर न्हाणीघराला आतून कडी. घासल्याचा आवाज. हाका मारल्या, ओ नाही. कडी तोडली.
स्टुलावर बसल्या होत्या. पाय बादलीत. मानेपर्यंत नारिंगी.
आई म्हणून खांद्यावर हात ठेवला. सगळी भोकं एकदम मिटली. डोळेही —

रात्री
दार लावून घेतलंय. ह्यांचा फोन लागत नाही.
मनगटावर टिकलीएवढं. त्यांचे हात धरले होते, तिथेच.
मला माहीत आहे. मीच तर घसा फोडून सांगत होते. खरवडायचं नाही, कापड गुंडाळायचं, कोरडं ठेवायचं —
खाज नाही ही. आतून कुणी तरी —
कापड सोडलं. नुसतं बघायला.
खरवडत नाहीये. कड उचलली आहे, तेवढीच, नखाने जरा —
बाई गं, किती बरं —