इंचभर कमी

बाबा,

आज मी पुढच्या चाकाचा एक चिमटा वाया घालवला. तुम्ही बसवायचात तसा साधा लोखंडी नव्हे. आत स्प्रिंग असलेला, खड्ड्यात स्वतः दबून हातांना धक्का लागू न देणारा. गिऱ्हाइकासमोर मी त्याला सस्पेन्शन फोर्क म्हणते, पण पाना हातात घेतला की तोंडात चिमटाच येतो. तो बंदरावरच्या मावशींच्या सायकलसाठी होता. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन आपल्या दुकानापुढून जाताना तुम्हाला उगाच डिवचायच्या, त्याच त्या. आता त्या बॅटरीवरच्या मालवाहू सायकलने जातात. मागे मासळीचे आणि बर्फाचे दोन टब, आणि फेरी म्हसळ्याकडच्या गावांपर्यंत. रस्ता इतका उखडलाय की त्यांची मनगटं सुजून येतात. धक्के थांबवा, नाहीतर सायकल सोडा, असं डॉक्टरांनी बजावलं. सायकल सोडली तर फेरी सुटली, कारण साठीनंतर पाटी मानेला झेपत नाही, आणि घरी बसणं मावशींना जमायचं नाही. म्हणून महिनाभर वाट बघून हा चिमटा मागवला होता.

नव्या चिमट्याची नळी लांब येते, ती सायकलच्या मानेच्या, म्हणजे हँडलखालच्या उभ्या नळीच्या, मापाने कापायची असते. मी मान मोजली, हँडलची पकड मोजली, खूण केली आणि करवत चालवली. घालून बघते तर नळी इंचभर कमी. छर्रे ज्यांत फिरतात त्या वरखालच्या वाट्या मी डिझेलच्या डब्यात धुवायला टाकल्या होत्या, आणि माप घेताना त्यांची उंची धरायलाच विसरले. इतकी वर्षं दुकानात काढून ही अक्कल. बाहेरून मात्र काही कळत नव्हतं. हँडलने नळी अर्धीच धरली होती, पण वर टोपण बसलं की सगळं झाकलं जात होतं. मी ते बसवून बराच वेळ बघत राहिले. सपाट रस्त्यावर वर्षभर चाललंही असतं. पण टब भरलेले असताना उतारावर एखाद्या दिवशी हँडल वळलं असतं आणि चाक सरळच गेलं असतं.

तेव्हा तो पाववाला डोळ्यांसमोर आला. मी सासर सोडून आले ते वर्ष. तुम्ही मला काही विचारलं नाहीत, दुसऱ्या दिवशी दुकानात नेऊन हातात पाना दिलात. पाववाल्याचा चिमटा मीच बदलला आणि हँडलचा बोल्ट पुरता आवळायचा राहिला. वळणावर तो तोंडावर पडला, पुढचे दोन दात गेले, पाव रस्ताभर झाले. तो दुकानासमोर उभा राहून ओरडतोय, माणसं जमली आहेत, मी आत ट्यूब घासतेय, आणि तुम्ही हात पुसत बाहेर जाऊन म्हणता, "मी बसवला होता. चूक माझी." त्याने तुम्हाला नाही नाही ते ऐकवलं आणि तुम्ही ते ऐकून घेतलंत. मला फक्त म्हणालात, "उद्यापासून चिमटे मी बघीन. तू पंक्चर बघ." त्या एका वाक्याचा राग मी कित्येक महिने धरला. तुम्ही माझ्यासाठी काय केलंत, ते मला तेव्हा दिसलंच नाही.

दुपारी मावशी आल्या, टब घेऊनच. हँडल हलवून बघितलं आणि खूश झाल्या.

मी म्हटलं, "मावशी, आज नाही नेता येणार. नळी मी कमी कापली. नवीन चिमटा मागवावा लागेल."

"बसलाय तं बरोबर. घट्ट हाय ना?"

"आत्ता आहे. उतारावर राहणार नाही."

त्या पायरीवर बसल्या. हातांकडे बघत राहिल्या. "म्हंजे अजून म्हैनाभर ह्याच मनगटांवर."

"जुना बसवून देते. माझ्यामुळे झालं."

मला वाटलं, आता बोलतील. बोलल्या असत्या तर बरंच वाटलं असतं. पण त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "जाऊं दे, बाय. तुजा बापूस येवढा कारागीर, त्याच्या हातनं पन येकदा झालीच व्हती चुकी. त्या पाववाल्याचे दात गेले, आठवतंय ना? व्हतं असं."

तुम्ही जाऊन सोळा वर्षं झाली, बाबा, आणि अजून ते गावाच्या लक्षात आहे. तुमच्या हातून झालेली एकच चूक, असं म्हणून.

आजची चूक सांगायला मला काही जड गेलं नाही. ती जुनी मात्र सांगता आली नाही. मी नुसतं "हो, आठवतंय" म्हटलं.