मामांचं डिझेल इंजिन खरंच विजेवर चालतं

कामतघर, भिवंडी
मंगळवार

तीर्थरूप हिरामणमामांना,

तुळजाचा वाकून नमस्कार. (नेहमीपेक्षा जरा जास्तच वाकून. कारण पुढे येईल.) गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? आम्ही बरे आहोत. तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून तुमच्या अंबाडीच्या घरी पत्र धाडते आहे. पत्र निदान पोस्टमन हातात तरी देतो.

आपल्या मेघालीच्या हळदीत तुम्ही सांगत होतात की, अठ्ठावीस वर्षं रेल्वेचं जे डिझेल इंजिन चालवलं त्याची चाकं खरं तर विजेवर फिरतात. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "मामा, थापा पुरे, आता जेवून घ्या." मांडव हसला आणि तुम्ही न जेवता निघून गेलात. सात महिने झाले त्याला.

त्यानंतर तुमच्या भाचेजावयाने, म्हणजे भावेशने, काय केलं ते ऐका. दिवसभर कारखान्यात कापडाचे लूम दुरुस्त करून घरी आल्यावरही या माणसाचे हात गप्प बसत नाहीत. त्याने तुमचंच इंजिन, डब्ल्यूडीएम-टू, हातभर लांबीचं बनवायला घेतलं. अंग तेलाच्या डब्याच्या पत्र्याचं, चाकं सूत गुंडाळायच्या लाकडी कांड्या कापून केलेली, वरचा पंखा माझ्या मसाल्याच्या डब्याच्या झाकणाचा. हे मी सोसलं. पण माझ्या मिक्सरची मोटरही त्यात गेली तेव्हा मी चटणी आणि नवऱ्याशी बोलणं, दोन्ही बंद केलं. एका रविवारी तो मापं घ्यायला कल्याणकडे रेल्वेच्या एका यार्डात निघाला. तिथे एक जुनं इंजिन अजून चालू स्थितीत ठेवलंय. राहिलेलं भांडण वाटेत पुरं करावं म्हणून मीही बरोबर गेले.

मामा, मी इंजिन इतक्या जवळून कधी पाहिलंच नव्हतं. नुसतं चाकच माझ्या कमरेच्या वर आलं! मी मागे सरकले, तर तिथले म्हातारे फिटर लडकू पाटील म्हणाले, "हात लाव बाय, चावत न्हाय." त्यांनीच सगळं सांगितलं. बासष्ट साली पहिली इंजिनं अमेरिकेहून बोटीने आली, आणि दोन वर्षांत बनारसला आपलीच माणसं ती बनवायला लागली. अडीच हजारांच्या वर बनवली. (आमच्याकडे दोन वर्षांत बाथरूमची कडी बसलेली नाही.) मग त्यांनी बाजूची दारं उघडली. आत आठ-आठच्या दोन रांगांत सोळा सिलिंडर. सव्वीसशे घोड्यांचं बळ!

"आणि एवढं सगळं चाकं फिरवतं?" मी विचारलं.

"चाकांना ह्याचा हात पन लागत न्हाय," पाटील हसले. "ह्यो नुसती वीज बनवतो. खाली सहा मोटरी हायत, त्या फिरवतात."

मी भावेशकडे पाहिलं नाही. तेवढ्यात त्यांनी इंजिन सुरू केलं. पायाखालची जमीन थरथरली, हात न हलवता माझ्या बांगड्या वाजायला लागल्या, आणि तो आवाज कानांत नाही, बरगड्यांत शिरला. शंभर टनांहून जास्त वजनाचं ते धूड, त्याच्यामागे अख्खी मालगाडी, आणि हे सगळं तुम्ही एका हाताने सांभाळत होतात! आणि आम्ही तुम्हाला लग्नात पाण्याचे ग्लास भरायला बसवायचो. मला रडू आलं. (भावेशला वाटलं, धुराने.)

घरी येऊन त्याने इंजिनातून मिक्सरची मोटर काढली आणि सहा आसांना खेळण्यांतल्या सहा मोटरी बसवल्या. मिक्सर मात्र परत जुळला नाही. मी आता चटणी पाट्यावर वाटते. मामा, चुकले मी. त्या दिवशी तुम्ही खरं बोलत होतात आणि मांडवात खोटी फक्त मी होते.

तुमचीच,
तुळजा

ता. क. येत्या रविवारी चाळीत इंजिन चालवून दाखवायचंय. प्रमुख पाहुणे तुम्ही. तुम्हाला विचारायला हवं होतं, पण बॅनर छापून टांगलाय.

ता. क. दुसरा. इंजिन सध्या फक्त मागे जातं. काय चुकलंय ते भावेशला कळत नाही. जरा लवकर येऊन बघाल का?

ता. क. तिसरा. चाळीत मी सांगून टाकलंय की खरी इंजिनंही दोन्ही दिशांना सारखीच धावतात. हे खरं आहे की माझी थाप, तेवढं निघण्याआधी फोन करून सांगा.