दोन घरांचा एक दिवा

१२ नोव्हेंबर १९४३
आज पुन्हा खोटं बोलले! नणंदबाई सेनगावहून आल्यात, गंगूताई. उंबऱ्यातूनच म्हणाल्या, तुमच्याकडं बिजली आली की! आली, मी म्हणाले. कुठून आली ते सांगितलंच न्हाई.

दिवा आमचा न्हाईच. शेजारच्या जैनबबीचा आहे. या ओळीत जहांगीर शिंप्याची, म्हणजे तिच्या नवऱ्याची, खोली तेवढी मालकीची. बाकी आमी सगळे पुनमचंद शेठचे भाडेकरू. मालकीच्या खोलीला वेगळं मीटर, जळेल तेवढंच बिल. भाडेकऱ्याला मात्र शेठ दिव्यामागं ठोक दर लावतो, जाळा नाही तर नका जाळू. तो दर ह्यांच्या पगारात बसत न्हाई. लढाईपायी रॉकेलही मिळंना. हे तहसीलातल्या नकला घरी आणून लिहितात, डोळ्यांतून पाणी गळायचं.

मग जैनबबीनंच सुचवलं. जहांगीरनं मधल्या भिंतीच्या दोन विटा काढल्या अन् दिवा त्या भोकात टांगला. इकडं हे लिहितात, तिकडं ती काजं करती.

१४ नोव्हेंबर
मागं जैनबबीला पैसे देऊ केले होते तर रागावली होती. "मी काय शेठ हाय का तुमच्याकडून भाडं घ्यायला?" म्हणाली. पडद्यामुळं ती ओट्यावर येत न्हाई, मी तिच्या घरात जात न्हाई. पण भोकातून आमचं सगळं बोलणं होतं. मेथीची जुडी जाते, शिरखुर्म्याची वाटी येते. (वाटीचं ह्यांना माहीत न्हाई.)

आज तिनं दोनदा हाक मारली. गंगूताई समोर बसलेल्या. मी ओ दिली न्हाई. तांदूळ निवडत बसले, बहिरी असल्यासारखी.

१७ नोव्हेंबर
गंगूताईंना कळलं. भोकाला डोळा लावून पाहिलंच त्यांनी! मग जेवताना ह्यांना म्हणाल्या, "दत्तू, परक्याच्या उजेडात किती दिवस बसणार रे?" हसतच म्हणाल्या. ह्यांनी ताट तसंच सारलं. मला तर वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

२६ नोव्हेंबर
काय लिहू! बिजलीघराचा माणूस आला होता. एका मीटरवर दोन घरं चालत न्हाईत, शेठकडून तक्रार आलीय म्हणाला, अन् जहांगीरची तार तोडली. जहांगीर हात जोडून सांगून राहिला होता की बकरीद तोंडावर आली, लोकांचे कपडे बेतून पडलेत, भोक आत्ता बुजवतो. ऐकलं न्हाई.

मग तो माणूस आमच्या दारात आला. हे म्हणाले, "भोक त्यांनी पाडलं. आमाला विचारलंसुद्धा न्हाई."

मी दाराआड उभी होते. विटा काढल्या तेव्हा खालचा चुरा मीच भरला होता. तरी पुढं आले न्हाई. भिंतीपलीकडं जैनबबीनं सगळं ऐकलं असणार. लाज वाटते म्हणावं तर तेवढीही लाज कुठं होती तेव्हा? असती तर बोलले असते.

२७ नोव्हेंबर
जहांगीरनं विटा बसवल्या. आतून गिलावाही केला.

शेठपर्यंत गंगूताईंनीच नेलं, दुसरं कोण नेणार? मी नाही नाही ते बोलले त्यांना. आगलावी म्हणाले. त्या शपथ घेऊन सांगत होत्या की शेठचं घर कुठं आहे ते बी मला ठावं न्हाई. जेवल्या न्हाईत. तशाच पिशवी उचलून मोटारीला गेल्या.

१ डिसेंबर
जहांगीर मशीन ओट्यावर काढून बसतो. ऊन आहे तोवर शिवतो, मग झाकून ठेवतो. आज दोन गिऱ्हाइकं बेतलेलं कापड परत घेऊन गेली. जाताना शिव्या देऊन गेली. मी खिडकी लावून घेतली.

दुपारी भिंतीपाशी उभी राहिले. जैनबबी, माझं चुकलं — एवढंच म्हणायचं होतं. पलीकडं भांडी वाजत होती. म्हणाले न्हाई.

२ डिसेंबर
बोललेच न्हाई आजही.

४ डिसेंबर
शेठचा माणूस आला अन् आमच्या खोलीत तार ओढून गेला. मी घाबरले. दर कुठून भरायचा? हे पंचा खांद्यावर टाकत म्हणाले, "आपल्याला माफ आहे. भोकाचं मी शेठच्या कानावर घातलं तेव्हाच ठरलं होतं तसं."

दिवेलागणीला पलीकडं काळोख होता. हे दौत घेऊन बसले. बटन मी दाबलं.