तुझ्यासारखीच जागी

देवबाग,
४ डिसेंबर १९६६

प्रिय सुगंधा,

नऊ वर्षांनी या जावेचं अक्षर बघून तू पाकीट तसंच बाजूला ठेवशील, ही भीती आहे. पण फोडलंच असशील तर शेवटपर्यंत वाच. अक्षर वाकडं आलंय. भाद्रपदात माझे सांधे इतके सुजले की मला माझी वेणीसुद्धा घालता येईना. मालवणला नवे तरुण डॉक्टर आलेत, त्यांनी बारीक पांढऱ्या गोळ्या दिल्या. चार दिवसांत बोटं वळू लागली. किती दिवसांनी मी स्वतः नारळ खवला, आणि खवता खवता रडले. पण आठवडा झाला नाही तोच झोप गेली.

झोप गेली म्हणजे काय, ते दुसऱ्या कुणाला समजावून सांगावं लागलं असतं. अकराला डोळा लागतो आणि दीडच्या सुमाराला मी दचकून उठून बसते. छाती धडधडत असते. घरातलं कुणीतरी गेलं, अशी खात्रीच असते, कोण गेलं ते मात्र कळत नाही. इकडे समुद्र, तिकडे खाडी, आणि दोन्हीकडचं पाणी घराकडे सरकतंय असं वाटतं. मग भिंत धरत मी यांच्या अंथरुणाशी जाते आणि नाकाखाली बोट धरून श्वास बघते. पहिल्या रात्री हे ओरडलेच. आता डोळेही उघडत नाहीत. म्हणतात, "जित्तो आसंय गो, जित्तो आसंय. जा, नीज." परवा म्हणाले, "मेलंय तर मीच तुका उठवन सांगतलंय." मला हसू आलं, आणि हसता हसताच हुंदका फुटला. उरलेली रात्र मी पडवीत बसून काढते. पहाटे किनाऱ्यावर जाळं ओढणाऱ्या रापणकरांच्या हाका सुरू झाल्या की आता राखण त्यांची असं वाटतं, आणि तासभर पापणी मिटते. दिवसा अंगात वाळू भरल्यासारखी जड होते. आमटीत दोनदा मीठ पडतं. तोंड सुजून गोल झालंय, तर मासळीवाली हौसाबाई टोपली उतरवता उतरवता म्हणते कशी, "अक्कानू, तब्येत बरी सुधारली तुमची!"

त्याच हौसाबाईने तुझी बातमी आणली. तिचा भाऊ तुझ्या माहेरी, खारेपाटणच्या बाजारात सुकी मासळी विकतो ना. म्हणाली, तुझ्या भावाची, सत्यवानाची सून बाळंत झाली, मुलगी झाली. तू दिवसभर घरात राबतेस, पण दिवेलागणीनंतर तुझ्या वहिनी तुला बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकू देत नाहीत. तुझं अंथरूण अजून बाहेर पडवीतच असतं. निजायच्या वेळी आतून कडी लावतात. त्या रात्री मी जागी राहिले ती गोळीमुळे नव्हे.

तुझा दमा मला आठवतो. सत्तावन्न सालचा तो पावसाळा तू भिंतीला उशी लावून बसून काढलास. परशुरामभावजी तुला बेळगावला घेऊन गेले, गोळ्या आणल्या, आणि तू पुन्हा विहिरीचं पाणी ओढू लागलीस. सासूबाईंनासुद्धा कौतुक वाटलं होतं. मग एका रात्री त्यांना जाग आली, तर हातात चिमणी घेऊन, केस मोकळे, तू बाबूच्या अंथरुणाशी उभी. त्याच्या नाकाखाली बोट धरलेलं. माझा बाबू तेव्हा आठ वर्षांचा होता. सासूबाईंची किंकाळी शेजारच्या वाडीपर्यंत गेली. "हिका लागीर झाला! पोराचो श्वास पिता ही!" तू सगळ्यांना सांगत होतीस, "मी फक्त बघी होतंय, जित्तो आसा काय तो." कुणी ऐकून घेतलं नाही. मीही बाबूला उचलून छातीशी धरलं आणि तुझ्याकडे पाठ केली.

तिसऱ्या दिवशी देवळात कौल लावला. गुरवाने देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि विचारलं, ही बाधा त्या परक्या औषधातून घरात आली काय, ते बंद करावं काय? उजवी पाकळी पडली. देवीचा होकार झाला. सासूबाईंनी गोळ्या खाडीत टाकल्या. पाचव्या दिवशी तू न्हाणीत कोसळलीस, दमा दुपटीने उलटला, तर तेही बाधेचंच लक्षण ठरलं. सत्यवान येऊन तुला घेऊन गेला. होडीत बसताना तू एकदाच वळून माझ्याकडे पाहिलंस.

मागच्या सोमवारी मी डॉक्टरांना माझ्या रात्री सांगितल्या. ते अगदी सहज म्हणाले, "या औषधाने होतं असं. झोप उडते, भीती वाटते. मन बिघडलेलं नसतं. संध्याकाळची गोळी घेऊ नका, सगळं औषध सकाळीच घ्या. हळूहळू कमी करू. पण एकदम बंद करायचं नाही, जिवावर बेतेल." मी विचारलं, दम्यालाही हेच देतात का? म्हणाले, हो, देतात की.

मी आश्चर्य वाटल्यासारखं केलं. सुगंधा, मला आश्चर्य वाटलं नव्हतं. आता लिहिते ते नऊ वर्षांत मी यांनासुद्धा सांगितलं नव्हतं. बेळगावच्या डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर इंग्रजीत एक चिठ्ठी दिली होती. कौलाच्या आदल्या संध्याकाळी सासूबाई ती माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "आमच्या मडमीक वाचूंक येता. काय लिवलाहा बघ गो." घरात इंग्रजी येणारी मी एकटी. भावजी मराठी शाळेचे मास्तर, त्यांना येत नव्हतं. चिठ्ठीत पाच ओळी होत्या. झोप जाईल, रात्री घाबरायला होईल, त्याला घाबरू नये, आणि गोळ्या अचानक थांबवू नयेत. मी वाचलं. आणि म्हटलं, "गोळ्या किती घ्यायच्या तेवढंच लिहिलंय." मग ती चिठ्ठी चुलीत घातली. सासूबाईंच्या धाकाने नव्हे. मला तू माझ्या मुलाच्या अंथरुणापासून लांब हवी होतीस. देवीने तुला घालवलं असं सगळे समजतात. पण देवीला विचारलेला प्रश्नच माझ्या खोट्यावर उभा होता.

शुक्रवारी यांना आणि भावजींना समोर बसवून हे सगळं सांगितलं. त्या रात्री श्वास बघायला गेले, तर यांनी माझा हात बाजूला सारला. भावजी दिवे लागेपर्यंत खाडीकडे तोंड करून बसले होते. आता खारेपाटणला येतो म्हणतात. मी म्हटलं, सुगंधाचं पत्र आल्याशिवाय या घरातल्या कुणीही तिच्या दारात जायचं नाही. त्यांना येऊ द्यायचं की नाही ते तूच ठरव. माझ्यासाठी क्षमा मागत नाही, मला ती लवकर मिळूही नये. एकाच कामासाठी हे पत्र लिहिलं, आणि म्हणून इतकं सोपं लिहिलं. एकटीने वाचून ते पेटीत ठेवू नकोस. सत्यवानाला, तुझ्या वहिनींना, त्या बाळंतिणीला, सगळ्यांना समोर बसव आणि मोठ्याने वाचून दाखव. आवाज भरून आला तर थांब, पाणी पी. पण चिठ्ठीच्या जागी आलीस की माझं नाव गाळू नकोस.

तुझीच अपराधी जाऊ,
अक्का