गच्चीत ठेवलेली मेणबत्ती

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे तो मनातल्या मनात घातला आहे, पोचला असं समज.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा रक्तदाब खाली आला का, की अजून जेवताना मीठ चोरून घेतात? नातीचे पुढचे दोन दात पडल्याचं कळलं. तिला म्हणावं, एवढ्यात मामाआजोबांना फोन करू नकोस, कारण तिचं बोबडं ऐकून मला हसू येतं आणि सध्या मला अजिबात हसायचं नाही.

इकडचं सगळं कुशल आहे असं लिहायची रीत आहे. मी लिहिणार नाही. इकडे मी संतापलेला आहे, गेले नऊ दिवस सलग संतापलेला आहे, आणि त्याला कारण दुसरंतिसरं कोणी नसून तू आहेस. माझ्या जुन्या मफलरमध्ये गुंडाळून (काच फुटू नये म्हणून, मफलर परत पाठव) मी तुला एक मेणबत्ती पाठवली. लव्हेंडरची. ती करायला मला एकोणीस दिवस लागले. त्यावर तुझं उत्तर आलं, ते मी इथे जसंच्या तसं उतरवतो. मेणबत्ती मिळाली. गच्चीत ठेवली आहे. तब्येत सांभाळ. सात शब्द, ताई. मी मोजले. अगं, गच्चीत माणूस काय ठेवतो? मोडकी खुर्ची ठेवतो, रिकाम्या कुंड्या ठेवतो, फाटकं पायपुसणं वाळत घालतो. सख्ख्या भावाने हाताने ओतलेली मेणबत्ती ठेवतो का कोणी? मग मी फोन केला तर भाऊजींनी उचलला आणि म्हणाले, वास जरा जास्त होता, हिचं डोकं दुखलं. जास्त! ज्या मेणबत्तीला कसलाही वास येत नाही म्हणून मी इथे डोक्याचे केस उपटतोय (जे उरले आहेत ते), तिचा वास तुम्हाला जास्त झाला. तोंडदेखलं बोलायचंच होतं तर दुसरं काहीतरी बोलायचं. काचेचा ग्लास छान आहे म्हणायचं.

हे मी दुसऱ्या कोणाचं सहन केलं असतं, तुझं करणार नाही, कारण माझं नाक काय चीज आहे हे तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे? माझ्या डोळ्यांवर आईचा रुमाल बांधून स्वयंपाकघरातले डबे एकेक करून नाकासमोर कोण धरायचं? मिरी, लवंग, चहापूड, दालचिनी, आणि मधेच फसवायला धुण्याचा साबण. मी एकदाही चुकलो नाही. तू चिडून एकदा रिकामा डबा धरलास आणि मी म्हणालो, रिकामा आहे पण काल यात कॉफी होती. त्या नाकावर मी साबणाच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली. तपासणी विभागात माझी हुंगण्याची खुर्ची वेगळी होती, तिच्यावर मॅनेजरसुद्धा बसत नसे. सगळे मला नाकसाहेब म्हणायचे. एकदा गुलाबाच्या साबणाचा अख्खा घाणा मी थांबवला, आंबूस आहे म्हणालो, तर सगळे इंजिनिअर हसले. चार दिवसांनी त्याच साबणावर पिवळे डाग आले तेव्हा कोण हसलं ते विचारू नकोस. सांगायचा मुद्दा असा की हा मेणबत्तीचा प्रश्न नाही, माझ्या नाकाच्या अब्रूचा प्रश्न आहे, आणि ती तू गच्चीत नेऊन ठेवली आहेस.

आता पहिल्यापासून सांगतो. निवृत्तीनंतर आठ महिन्यांपूर्वी मी मेणबत्त्या करायला घेतल्या हे तुला माहीत आहे. जेवणाचं टेबल मी व्यापलं, म्हणून आम्ही दोघं गेले आठ महिने मांडीवर ताट घेऊन जेवतो. (यावर तुझ्या वहिनीने मला जे ऐकवलं ते लिहायला दुसरं पत्र लागेल.) पहिले सहा महिने सगळं झकास चाललं होतं. कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी एक मेणबत्ती त्यांच्या बाहेरच्या खोलीत लावून बघितली, पेशंटचे चेहरे जरा सैल पडले म्हणाले, आणि एकदम वीस सांगितल्या. तिथून माझे ग्रह फिरले. गेल्या दोन महिन्यांत मी केलेल्या एकाही मेणबत्तीला वास नाही. लव्हेंडर नाही, गुलाब नाही, लिंबू नाही. नुसती पेटते, देवाशपथ नुसती पेटते, वीज गेल्यावर लावतात तशी.

मी काही हातावर हात ठेवून बसणारा माणूस नाही. एकतीस वर्षं चाचण्या केल्या आहेत. वही सुरू केली. प्रत्येक मेणबत्ती ओतल्यावर दोन आठवडे मुरवायची, मग वात बोटाच्या नखाएवढी कापून पेटवायची आणि चार तास समोरून उठायचं नाही. दर अर्ध्या तासाला नोंद करायची, ज्योत किती उंच, भोवती मेण किती वितळलं, काजळी किती आणि शेवटच्या रकान्यात वास, दहापैकी गुण. त्या शेवटच्या रकान्यात मी दोन महिने शून्यं काढतो आहे, ताई. वही उघडली की लहान मुलाने मोत्यांची माळ काढल्यासारखं पान दिसतं. पहिला संशय आला ओतण्याच्या पद्धतीवर. मेण फार गरम असताना तेल घातलं तर वास उडून जातो, म्हणून थर्मामीटर आणला. शून्य. मग संशय आला खोलीवर, म्हणून खिडक्या बंद केल्या, दाराखाली टॉवेल कोंबला. शून्य. (हिला त्या दिवशी मैत्रिणीकडे जायची अचानक आठवण झाली.) मग मी तेल वाढवलं. शंभर ग्रॅम मेणाला सहा ग्रॅम घालायचो ते नऊ केलं, मग बारा, मग सोळा.

आणि मग मेणबत्त्यांनी जो तमाशा मांडला तो तुझ्या शत्रूवरही येऊ नये. आधी मधोमध विहीर पडायला लागली. म्हणजे वातीभोवतीचं तेवढं वितळतं, कडेचं मेण भिंतीसारखं उभं, आणि ज्योत खाली खोल जाऊन गुदमरते. मी वात जाड केली. तर ज्योत बोटभर उंच झाली, काच काळी, आणि वर पाहतो तर छतावर थाळीएवढं काजळीचं वर्तुळ. वातीच्या टोकाला काळी गाठ धरली, पावसात लाकडावर उगवते तशी छत्री. ती छत्री तुटून मेणात पडायची आणि तिथेच दुसरी ज्योत धरायची. मी वातीचा प्रकार बदलला. तर ज्योत तडतडायला लागली, चिडल्यासारखी, आणि दीड तासात विझली. शेवटच्या मेणबत्तीला तर घाम फुटला. शब्दशः घाम, वरून तेलाचे थेंब. मेण तेल प्यायला तयार नाही म्हणून ते बाहेर टाकतंय असं मेणवाल्याचं म्हणणं.

त्या मेणवाल्याचं नाव काढू नकोस. मी त्याच्या दुकानात जाऊन काउंटरवर वही आपटली आणि म्हटलं, बाबा रे, तुझ्या तेलात पाणी आहे. त्याने माझ्यादेखत बाटली उघडली, हुंगली, डोळे मिटले आणि म्हणाला, काका, एक नंबर माल आहे. मी हुंगली. पाणी. त्याने रांगेतल्या एका बाईंना हुंगायला दिली, त्या म्हणाल्या वा. (त्या त्याच्या ओळखीच्या असणार, नाहीतर मेणाच्या दुकानात भर दुपारी रांग कशी लागते?) मग त्याने विचारलं, काका, शंभराला किती घालता? मी सोळा म्हटल्यावर त्याने टाळूवरून हात फिरवला आणि म्हणाला, काका, दहाच्या वर मेणाला पचत नाही, तुमचं सगळं जळण्याचं दुखणं तेच आहे. मला शिकवतो! मी साबणाचे घाणे थांबवत होतो तेव्हा हा रांगत असेल. मी रागारागाने निघालो तो छत्री तिथेच विसरलो. आता ती आणायला जाणार नाही.

घरातही सुख नाही. गेल्या सोमवारी चाचणी क्रमांक अकरा चालू होती. तिसरा तास, ज्योत स्थिर, काजळी नाही, आणि मी वही घेऊन नाक पुढे करून बसलेलो. एवढ्यात ही गच्चीवरून कपडे टाकून पळत आली, माझ्या अंगावरून गेली, सगळ्या खिडक्या धाडधाड उघडल्या. ज्योत फडफडली, गेली. दोन आठवडे मुरवलेली चाचणी बाद. कारण काय, तर म्हणे कसलंसं पातेलं करपलं. मी एवढा ओरडलो की खालच्या मजल्यावरचा शिंपी मशीन थांबवून ऐकत होता. ही काहीच बोलली नाही, नुसती पातेलं घासत राहिली, आणि मला तो प्रकार आणखीच झोंबला. हल्ली हिच्या हाताची चवही गेली आहे, हे तुला म्हणून सांगतो. आमटी असो, भाजी असो, सगळं कोमट पाण्यासारखं लागतं. मी तसं म्हटलं तर त्यावरही ही बोलत नाही. बत्तीस वर्षांच्या संसारात ही दोनदा गप्प बसली, तीही एकाच आठवड्यात.

कळस केला तो दातांच्या डॉक्टरांनी. नमुन्याची मेणबत्ती त्यांनी पिशवीत घालून, पिशवीला गाठ मारून, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घालून परत आणली. पेशंट शिंकतात म्हणे. एक गृहस्थ तर किडकी दाढ तशीच घेऊन उठून गेले. मी म्हटलं, डॉक्टर, दिवसभर औषधांच्या वासात राहून तुमच्या नाकाचं काही खरं राहिलेलं नाही. ते रागावले नाहीत. उलट खुर्ची ओढून बसले आणि मला भलतेसलते प्रश्न विचारायला लागले, ज्यांचा मेणबत्तीशी काडीइतका संबंध नव्हता. मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

तेव्हा ताई, स्पष्ट लिहितो. मेणवाला चोर आहे, डॉक्टर आगाऊ आहे, शिंपी कानोसेबाज आहे, ही फितूर आहे आणि तू नावाला बहीण आहेस. ती मेणबत्ती आज संध्याकाळी गच्चीतून खाली आणायची, बैठकीच्या खोलीत लावायची, आणि चार तास समोर बसून मग मला लिहायचं. सात शब्दांत नाही. भाऊजींना नमस्कार, नातीला पापा, पडक्या दातांसकट.

तुझा (अजून तरी) भाऊ

ता. क. पातेलं मीच ठेवलं होतं. दुधाचं. माझ्या खुर्चीपासून शेगडी चार पावलांवर आहे. सगळं दूध आटून, जळून, पातेल्याचं बूड काळं झालं तोवर मी तिथे बसून शेवटच्या रकान्यात शून्य लिहीत होतो. हिला तिसऱ्या मजल्याच्या वर गच्चीत कळलं. हे वर लिहिलं नाही, कारण वर मी रागावलेला होतो.

आ. ता. क. डॉक्टरांनी विचारलेला प्रश्न असा होता की काका, दोन महिन्यांपूर्वी तुम्हाला जोराची सर्दी झाली होती का? झाली होती. आठ दिवस अंथरुणात होतो, तुला कळवलं नव्हतं. त्यांनी नाकाच्या एका डॉक्टरांचं नाव लिहून दिलं आहे, गुरुवारी सकाळी अकराची वेळ घेतली आहे. कधीकधी परत येतं म्हणाले, कधीकधी वेळ लागतो. तिसरं कधीकधी त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. हिला घेऊन जाऊ शकत नाही, ती वाटेतच रडेल. महिनाभर मला न सांगता माझ्या आधी दूध हुंगून बघते आहे, हे मला काल कळलं. तू ये. तू रागावशील, आणि मला सध्या रागावलेलं माणूस बरोबर हवं आहे. मला भीती वाटते आहे, ताई.

शेवटचं. लव्हेंडर, गुलाब आणि लिंबू, या तीन बाटल्यांची लेबलं हिच्याकडून काढून घेतली. मग डोळे मिटून त्यातली एक उचलली आणि या कागदाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यावर एक थेंब टाकला. पाऊण तास हुंगतो आहे. कागद आहे, एवढंच कळतं. हिला विचारलं नाही, ती मला बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगेल. डबे धरायचीस तेव्हा मी सांगायचो, आता तू सांग. लिहून नको, बुधवारी येशील तेव्हा तोंडाने सांग, कोणता आहे ते. आणि तोवर हे पत्र गच्चीत ठेवू नकोस.